पद्मिनी सेल्फ मारते, पण स्टार्ट होत नाही

अजिंक्यतारा | शुक्रवार, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. मदत हवी आहे.

गाडी प्रीमियर पद्मिनी, १९८३ची. बाबांनी नंबर लावून, काही वर्षं वाट बघून घेतलेली. घरात तेव्हापासून ही एकच गाडी. मुक्काम सातारा.

सेल्फ जोरात फिरतो, इंजिनही फिरतं, पण पेटत नाही. खोकतसुद्धा नाही. मे महिन्यात पुण्याहून येताना खंबाटकीच्या चढाला ती दोनदा बंद पडली होती. दोन्ही वेळा अर्धा तास थांबलो आणि सुरू झाली. जूनमध्ये शेडमध्ये लावली, पावसाळाभर हलवली नाही. दिवाळीनंतर नवी बॅटरी घातली, चारही प्लग बदलले, पॉइंट आणि कंडेन्सर नवे आणले आणि माझ्या हाताने बसवले. त्यानंतर ती एकदाही सुरू झालेली नाही.

दोन मेकॅनिक येऊन गेले. एक म्हणाला कॉइल बदला, दुसरा म्हणाला कार्बोरेटर नवा टाका. तिसऱ्याने फोनवरच इंजिन उतरवायची गोष्ट काढली. बाबा ७९ वर्षांचे आहेत. रोज संध्याकाळी शेडपर्यंत जातात, बॉनेटवरून हात फिरवतात आणि परत येतात. संक्रांतीला त्यांना त्यांच्याच गाडीतून वाईला गणपतीच्या दर्शनाला न्यायचं आहे. कुठून सुरुवात करू?

घाटवाट | शुक्रवार, रात्री १०.१५

खंबाटकीला बंद पडली तो व्हेपर लॉक असणार. माझ्या मामांच्या फियाटला वरंधा घाटात हेच व्हायचं. गरम इंजिनाशेजारी एसी पंपात, म्हणजे टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपात, पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसता वाफच ढकलत बसतो. मामा सोबत पाण्याची बाटली आणि जुनं धोतर ठेवायचे. ओलं फडकं पंपाला गुंडाळलं की दहा मिनिटांत गाडी सुरू.

उद्यमनगरी | शुक्रवार, रात्री ११.०५

घाटवाट, मेमधलं दुखणं तसं असू शकतं. पण आता गाडी सहा महिने गार पडून आहे. गार इंजिनात व्हेपर लॉक होत नाही, तेव्हा आजचं कारण वेगळं शोधायला हवं.

अजिंक्यतारा, कोल्हापूरला उद्यमनगरात माझं ३४ वर्षं गॅरेज होतं. आता मुलगा बघतो. तुम्हाला एकच विनंती आहे. उद्यापासून एकही नवा पार्ट आणू नका. आधी तपासा. पेट्रोल इंजिनाला पेटायला तीन गोष्टी लागतात: वेळेवर ठिणगी, पेट्रोल आणि दाब. तिन्हींपैकी काय कमी आहे ते वीस मिनिटांत कळतं, आणि ते कळल्याशिवाय पाना हातात घ्यायचा नाही.

दाबाचं आताच सांगून टाकतो. टायमिंग चेन सुटली किंवा व्हॉल्व्ह अडकला तर सेल्फचा आवाज बदलतो. इंजिन रिकामं असल्यासारखं भर्रकन फिरतं, नाहीतर एका सिलिंडरला हिसका देतं. तुमचा आवाज कसा आहे? नेहमीसारखा धाप टाकत, एका लयीत येत असेल तर दाब तूर्त बाजूला ठेवू.

मग ठिणगी. डेल्को म्हणजे ठिणगी चारही प्लगना वाटून देणारा डबा, पॉइंट त्याच्याच आत असतो. कॉइलमधून डेल्कोच्या झाकणाच्या मधोमध जाणारी जाड वायर झाकणातून काढा. तिचं टोक इंजिनाच्या उघड्या लोखंडापासून पाच-सहा मिलिमीटर लांब ठेवा. वायर हातात धरू नका, लाकडी चिमट्यात किंवा कोरड्या दोरीने बांधून ठेवा, कारण त्यात हजारो व्होल्ट असतात. छातीत पेसमेकर असलेल्या माणसाने जवळ उभंही राहू नये. आता कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. निळी, टकटक आवाज करणारी ठिणगी पडली तर कॉइल आणि पॉइंट ठीक. पिवळी-नारिंगी, बारीक पडली तर अशक्त. काहीच दिसलं नाही तर पुढचं उद्या सांगतो. आसपास पेट्रोल सांडलेलं नको.

मुलुंडकर_ताई | शुक्रवार, रात्री ११.३०

धागा वाचून गलबलून आलं. माझ्या वडिलांनी २६ वर्षं मुंबईत काळी-पिवळी चालवली, पद्मिनीच. त्यांच्या पाकिटात परवान्याशेजारी पॉलिश पेपरचा तुकडा कायम असायचा. हाजीअलीच्या सिग्नलला गाडी बंद पडली की उतरायचे, डेल्कोचं झाकण उघडायचे, पॉइंटवर पेपर फिरवायचे आणि सिग्नल सुटायच्या आत परत सीटवर. २०२३च्या ऑक्टोबरअखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. बाबा ती बातमी ऐकायला नव्हते. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली अजून एक गाडी सुरू व्हावी असं मनापासून वाटतं. कळवत राहा.

अजिंक्यतारा | शनिवार, सकाळी ११.२०

उद्यमनगरी काका, आवाज पूर्वीसारखाच आहे. बाबांना शेजारी उभं केलं होतं, ते म्हणाले, "इंजिनाला काही झालेलं नाही, आवाज आपलाच आहे."

सांगितलंत तसंच केलं. ठिणगी अजिबात नाही. तीनदा बघितलं, शेडमध्ये अंधार करूनही बघितलं.

कॉइल आणू का? दुकान एकपर्यंत उघडं आहे.

उद्यमनगरी | शनिवार, सकाळी ११.३५

आणू नका! कॉइल सहजासहजी मरत नाही. पण घाईत तिच्यावरच पहिला आळ येतो.

टेस्ट लॅम्प आहे का? नसेल तर इंडिकेटरचा जुना १२ व्होल्टचा बल्ब घ्या आणि त्याला दोन वायरी जोडा. एक वायर इंजिनाच्या लोखंडाला. चावी ऑन करा, सेल्फ मारू नका. दुसरी वायर कॉइलच्या त्या टोकाला लावा जिथे चावीकडून वायर येते. बल्ब लागला पाहिजे. मग कॉइलच्या दुसऱ्या टोकाला लावा, जिथून बारीक वायर डेल्कोत जाते, आणि सेल्फ मारायला सांगा. बल्ब लुकलुकला पाहिजे. पॉइंट उघडला की लागतो, मिटला की विझतो.

ओहम | शनिवार, दुपारी १२.१०

काकांच्या टेस्टमागचं कारण सांगते, म्हणजे निकाल वाचायला सोपं जाईल. मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे, पुण्यात रिले दुरुस्तीचं काम करते.

चावीपासून करंट कॉइलच्या आतल्या जाड गुंडाळीतून जातो आणि पॉइंटमधून गाडीच्या अंगाला, म्हणजे अर्थला मिळतो. पॉइंट मिटलेला असतो तेव्हा कॉइलमध्ये चुंबकीय क्षेत्र तयार होतं. पॉइंट उघडला की करंट एकदम तुटतो, ते क्षेत्र कोसळतं आणि दुसऱ्या बारीक गुंडाळीत हजारो व्होल्ट उमटतात. ठिणगी पडते ती पॉइंट उघडण्याच्या क्षणी. म्हणून पॉइंट कायम उघडा राहिला तरी ठिणगी नाही आणि कायम मिटलेला राहिला तरी नाही.

आता बल्ब. दुसऱ्या टोकाला सतत लागून राहिला तर पॉइंट मिटत नाहीये, किंवा त्यावर तेलकट थर आहे. बरेच नवे पॉइंट गंजू नयेत म्हणून तेलाचा हात देऊनच येतात, कोरडा कागद मध्ये धरून ओढला की तो निघतो. बल्ब लागलाच नाही तर ते टोक कुठेतरी अर्थ होतंय, नाहीतर कॉइलची गुंडाळी तुटली आहे. या दोघांत फरक कसा करायचा? डेल्कोत जाणारी बारीक वायर कॉइलवरून सोडवा आणि त्याच टोकाला पुन्हा बल्ब लावा. लागला तर कॉइल धडधाकट, दोष डेल्कोत. मीटर असेल तर दोन बारीक टोकांमध्ये साधारण तीन ओहम यायला हवेत.

अजिंक्यतारा | शनिवार, दुपारी ४.०५

निकाल:
चावीकडचं टोक, बल्ब लख्ख.
डेल्कोकडचं टोक, बल्ब लागतच नाही, सेल्फ मारतानाही नाही.
बारीक वायर सोडवली, बल्ब लागला!
मीटरवर ३.१ ओहम.

म्हणजे कॉइल ठीक आहे ना? आज मी अठराशे रुपये देऊन ती आणणार होतो.

ओहम | शनिवार, दुपारी ४.२०

हो, कॉइल ठीक. डेल्कोच्या आत पॉइंट कायमचा अर्थ होतोय. पॉइंट तुम्ही स्वतः बसवलेत म्हणालात. पट्टीच्या नटाखाली फायबरचे वॉशर आणि एक छोटी बुशिंग असते. त्यांचा क्रम काय ठेवलात?

उद्यमनगरी | शनिवार, संध्याकाळी ५.००

ओहम ताईंनी अचूक नेम धरला. मी हेच विचारणार होतो. आमच्याकडे नव्या पोरांकडून दर महिन्याला ही चूक व्हायची, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. जो डेल्को उघडतो त्याच्याकडून ती एकदा होतेच.

नीट ऐका. पॉइंटचा हलणारा हात आणि त्याची स्प्रिंगची पट्टी यांचा डेल्कोच्या अंगाशी कुठेही संबंध येता कामा नये. कॉइलकडून येणारी वायर आणि कंडेन्सरची वायर, दोन्हींची टोकं त्या पट्टीला टेकली पाहिजेत, आणि तिघांनाही खालच्या खिळ्यापासून फायबरने वेगळं ठेवायचं. वायरचं टोक फायबरच्या चुकीच्या बाजूला गेलं की ते खिळ्याला चिकटतं. मग पॉइंट उघडो की मिटो, करंट सरळ अर्थला जातो. वरून सगळं व्यवस्थित दिसतं, म्हणून दोन मेकॅनिकांच्या नजरेतून सुटलं असणार.

खोलून पुन्हा बसवा. मग इंजिन हाताने फिरवून कॅमचा, म्हणजे डेल्कोतल्या फिरत्या दांड्याचा, उंचवटा पॉइंटच्या टाचेखाली आणा आणि फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) गॅप लावा. पद्मिनीला आम्ही ०.४५ मिलिमीटरच्या आसपास ठेवायचो. कॅमवर ग्रीसचा मोहरीएवढा ठिपका. त्याहून जास्त नको, उडून पॉइंटवर बसतं.

अजिंक्यतारा | रविवार, सकाळी १०.३०

काका, ताई, सापडलं!

कंडेन्सरच्या वायरचं टोक फायबरच्या खाली गेलं होतं. मीच घातलं होतं तसं. तीन आठवडे मी बॅटरी, प्लग, कॉइल, कार्बोरेटर सगळ्यांवर संशय घेतला, आणि दोष माझ्या हाताखाली होता. क्रम दुरुस्त केला, गॅप लावली, बल्ब लुकलुकला. ठिणगीही आली!

पण पिवळी, बारीक आहे. पॉइंटकडे बघितलं तर तिथेच मोठा निळसर झोत उडतोय. गाडी एकदा खोकली, पेटली नाही.

ओहम | रविवार, सकाळी १०.४५

पॉइंटवर झोत आणि टोकाला अशक्त ठिणगी, हे कंडेन्सरचं लक्षण आहे. पॉइंट उघडताना करंट फट ओलांडून उडी मारू बघतो. कंडेन्सर तो क्षणभर स्वतःत साठवून घेतो, त्यामुळे करंट एकदम तुटतो. कंडेन्सर मेला की करंट हळूहळू तुटतो, झोत पडतो, आणि कॉइलमधलं बळ पॉइंट जाळण्यातच संपतं.

तो नवा आहे ना? जुना टाकून दिलात का?

अजिंक्यतारा | रविवार, सकाळी ११.१०

नाही. बाबा जुना पार्ट कधी टाकत नाहीत. पारले बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आहे. लावून बघतो.

अजिंक्यतारा | रविवार, सकाळी ११.५५

जुना कंडेन्सर लावला. ठिणगी निळी, जाड, टकटक आवाज. बाबांनी स्वतः बघितली आणि एवढंच म्हणाले, "आता पेट्रोल बघ."

उद्यमनगरी | रविवार, दुपारी १२.३०

वडिलांना माझा नमस्कार सांगा. बरोबर बोलले.

हल्ली बाजारात मिळणाऱ्या कंडेन्सरबद्दल पोटतिडकीने सांगतो. या गाड्यांचं उत्पादन थांबून पंचवीस वर्षं होत आली. दुकानात येतो त्या मालातला काही चांगला असतो, काही पहिल्या उन्हात जातो, काही डबीतूनच मेलेला निघतो. नवा म्हणजे चांगला, ही खात्री आता राहिलेली नाही. चालत्या गाडीतून काढलेला पार्ट नव्याची खात्री पटेपर्यंत जपून ठेवायचा.

आता प्लग. दहा सेकंद सेल्फ मारा आणि एक प्लग काढून बघा. कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. ओला आणि वासाचा असेल तर जास्त झालंय. मग चोक पूर्ण आत, अ‍ॅक्सिलरेटर तळाला दाबून ठेवायचा आणि सेल्फ मारायचा. प्लगच्या वायरींचा क्रमही तपासून घ्या: १-३-४-२. झाकण काढलं होतं, म्हणून विचारतो.

अजिंक्यतारा | रविवार, दुपारी २.१५

क्रम बरोबर आहे. प्लग कोरडे, पेट्रोलचा वासही नाही.

सलाइनच्या सिरिंजने ५ मिली पेट्रोल कार्बोरेटरच्या तोंडात सोडलं, बाटली शेडच्या बाहेर ठेवली, एअर क्लीनरचं झाकण परत लावलं, मग सेल्फ मारला. गाडी सुरू झाली!! आठ-दहा सेकंद चालली आणि बंद पडली. सहा महिन्यांनी तो आवाज ऐकला. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

घाटवाट | रविवार, दुपारी २.४०

वा! मग एसी पंपाचा डायाफ्राम, म्हणजे आतला रबरी पडदा, गेलाय, नक्की. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. जुनं रबर त्याने फुगतं, कडक होतं, चिरतं. डायाफ्रामचा किट पुण्यात नाना पेठेत मिळेल, मी उद्या तिकडेच जातोय, आणून ठेवू का?

लेस्टरवासी | रविवार, दुपारी ३.३०

मूळचा मिरजेचा, इथे इंग्लंडमध्ये १९६६ची मॉरिस मायनर सांभाळतो. इथे साधं पेट्रोल २०२१च्या सप्टेंबरपासून १० टक्के इथेनॉलचं झालं. जुन्या गाडीवाल्यांना ५ टक्केवालं महागडं पेट्रोल निदान मिळतं तरी. तुमच्याकडे तो पर्यायही सहज मिळत नाही. मी गेल्या वर्षी सगळे रबरी पाइप बदलले आणि गाडी सुधारली. पण पंप काढण्याआधी एक सोपी तपासणी करा. टाकीकडून येणारा पाइप पंपावरून सोडवा आणि तिथे दुसरा छोटा पाइप लावून तो ताज्या पेट्रोलच्या बाटलीत बुडवा. पंपाने बाटलीतलं पेट्रोल ओढलं तर पंप चांगला, दोष मागे आहे.

उद्यमनगरी | रविवार, दुपारी ४.००

लेस्टरवासींची तपासणी करा. घाटवाट, किट आणायची घाई नको.

बाटली एक्झॉस्टपासून लांब, घट्ट उभी बांधा. शेजारी अग्निशामक किंवा निदान वाळूची बादली ठेवा. वडिलांना गाडीपासून दूर बसवा.

अजिंक्यतारा | रविवार, संध्याकाळी ६.१०

पंप चांगला आहे! बाटलीतून ओढतोय. गाडी तीन मिनिटं सलग चालली, मीच बंद केली. घाटवाट, तुमचे कष्ट आणि माझे पैसे वाचले, तरी विचारलंत हे विसरणार नाही.

मग गाडीखाली शिरलो. टाकीच्या नळीला जोडणारा बोटभर लांबीचा रबराचा तुकडा आहे. वरून ठणठणीत, वाकवला तर आतल्या बाजूला केसासारखी चीर. पेट्रोल गळत नाही, पण पंप ओढायला लागला की तिथून हवा शिरते. टाकीत जुनं सातेक लिटर होतं, ते काढून थोडं काचेच्या बरणीत ठेवलंय.

ओहम | रविवार, संध्याकाळी ६.३०

बरणी रात्रभर हलवू नका. सकाळी बघा थर दिसतात का. इथेनॉलला पाण्याची ओढ असते. पावसाळ्यात अर्ध्या रिकाम्या टाकीत दमट हवा आत-बाहेर होत राहते. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याबरोबर खाली बसतं, आणि पंप टाकीच्या तळातूनच ओढतो.

अजिंक्यतारा | सोमवार, सकाळी ७.४०

बरणीत तळाला दीड बोट गढूळ थर आहे, वर पिवळं पेट्रोल. बाबांना दाखवलं. १९८३पासून टाकीत ते कधी अर्ध्याच्या खाली पेट्रोल ठेवायचे नाहीत, मी ठेवलं.

आज टाकी धुतो. इथेनॉल चालणारा नवा पाइप, नवा फिल्टर, ताजं पेट्रोल.

मुलुंडकर_ताई | सोमवार, सकाळी ९.००

संध्याकाळी आवाज रेकॉर्ड करून टाका ना. आईला ऐकवायचा आहे.

उद्यमनगरी | सोमवार, सकाळी ९.१५

आणि खंबाटकीचं राहिलंच. तुमचा जुना कंडेन्सर आता चांगला चालतोय, म्हणजे तेव्हाही तो बहुधा चांगलाच होता. ही चीर तेव्हापासूनच असली तर चढाला, उन्हात, पेट्रोल आधीच वाफेच्या काठावर असताना थोडी हवाही पुरते. त्यामुळे घाटवाटांचं म्हणणं आणि तुमची चीर, दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात. येत्या मेमध्ये घाट चढा, मग कळेल. तोवर ओलं फडकं डिकीत असू द्या.

अजिंक्यतारा | मंगळवार, सकाळी ७.२५

काल रात्री सगळं जोडून झालं, पण मुद्दाम सुरू केली नाही. गार इंजिनावर बघायचं होतं.

आज सकाळी सात वाजता चावी बाबांकडे दिली. चोक अर्धा ओढला, पहिल्या सेल्फला खोकली, दुसऱ्याला सुरू झाली. पाच मिनिटांनी चोक आत ढकलला आणि ती एका लयीत बसली. बाबांनी गिअर टाकला, शेडमधून बाहेर काढली आणि पोवई नाक्यापर्यंत स्वतः चालवली. मी शेजारी होतो, आई मागे. कुणी काही बोललं नाही.

आवाज खाली जोडलाय, मुलुंडकर ताई, तुमच्या आईसाठी.

तो नवा कंडेन्सर बाबांनी पत्र्याच्या डब्यात ठेवलाय. वर त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी आहे: नवा, पण खराब. लावू नये.